दिसावराचे ऋण

(लातूर येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक अधिवेशनातील व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला जो विषय नेमून दिला तो असा : 'आपल्या समाजाचा मराठवाड्यातील इतिहास व किल्लारीच्या भूकंपप्रसंगी झालेले साहाय्य.' अशा विषयावर व्याख्यात्याने काय बोलावयाचे असते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पूर्वजांचे साहस वर्णावे, दानशूरांची नावे घ्यावीत, चार टाळ्या मिळवाव्यात आणि आपल्या जागी जाऊन बसावे. यातले थोडेफार मीही करणार आहे. परंतु आज दुपारच्या बैठकीत एक ठराव यावयाचा आहे. समाजाच्या आपत्ती निधीतून यापुढे केवळ समाजबांधवांसच मदत द्यावी, असा त्याचा आशय आहे. मला दिलेला विषय आणि हा ठराव या दोन वस्तू माझ्या मते निराळ्या नाहीत. इतिहास नीट वाचला तर ठरावाचे उत्तर त्यातच सापडते, आणि म्हणून मी इतिहासापासूनच आरंभ करतो.

आपण ओसवाल. जोधपूरजवळचे ओसियां हे आपले मूळ स्थान, अशी आपली परंपरा सांगते. घरातील वृद्ध स्त्रिया मारवाडास 'देस' म्हणत आणि जेथे दुकान आहे त्या मुलखास 'दिसावर' म्हणत. शंभर शंभर वर्षे येथे राहून, येथल्या मातीत आईबापांची राख मिसळून गेल्यावरही लातूर हे दिसावर आणि कधी डोळ्यांनी न पाहिलेले गाव हा देस, ही भाषा आपल्या घरांत चालू राहिली. मुलाचे जावळ काढावयास देसी जावे, सोयरिक देसातली पाहावी, कमाई मात्र दिसावराची. हा शब्दांचा खेळ नव्हे. कोणती जागा आपली आणि कोणती केवळ कमाईची, याचा हिशेब त्या दोन शब्दांत मांडलेला होता.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. जैन धर्म या भागास नवा नाही. धाराशिवच्या लेण्यांतील पार्श्वनाथाची मूर्ती आपले पूर्वज येथे येण्याच्या कित्येक शतके आधीची आहे, आणि सैतवाळांसारखे मराठी बोलणारे जैन येथे पिढ्यान्‌पिढ्या शेती व व्यापार करीत आले आहेत. नवे होतो ते आपण. देव येथलाच होता. भक्त मात्र बाहेरून आला.

तो कसा आला हे आपल्या तरुणांना सांगितले पाहिजे, कारण लोटा आणि दोरी घेऊन निघालेल्या एकाकी वीराची जी कथा आपण स्मरणिकांतून छापतो ती अर्धीच खरी आहे. एकटा कोणीच आला नाही. आधी आलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या पेढीवर तो गुमास्ता म्हणून राहिला. त्याच्या जेवणाची व झोपण्याची सोय बाशात झाली. बासा म्हणजे दिसावरात नोकरीस आलेल्या आपल्या मुलांसाठी पेढ्यांनी चालविलेली खाणावळ. चार-सहा वर्षांनी त्याच पेढीच्या पतीवर त्याने आसपासच्या एखाद्या खेड्यात स्वतःचे दुकान थाटले. त्याची हुंडी ज्याने स्वीकारली तो जातीचा, त्याचा माल ज्याने उधार दिला तो जातीचा. आपला पराक्रम होता हे खरेच. पण त्या पराक्रमाखाली ओळखीचे एक जाळे अंथरलेले होते. पडणाऱ्यास ते झेलीत असे. हे जाळे आपण लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

निजामी अमदानीतील आपल्या पूर्वजांचे भाषाज्ञान मला नेहमी कौतुकाचे वाटते. घरात मारवाडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू, आणि वही लिहावयाची ती महाजनी अक्षरांत, जी दुकानाबाहेरच्या फारच थोड्यांना वाचता येत असे. हिशेब होत ते हाली सिक्क्यात. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली आणि गोदाकाठचा कापूस दूरदूरच्या बाजारांस निघाला. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला येऊन पोहोचली. १९१७ साली गंजगोलाईची आखणी झाली. मध्ये वर्तुळ, भोवती सोळा रस्ते, आणि एकेका रस्त्यास एकेका मालाचे दुकान. आज त्या वर्तुळातून वाट काढताना आपण वैतागतो. पण या प्रदेशातील ज्वारी, तूर, करडई, गूळ आणि कापूस यांना पैशाचे रूप देणारे यंत्र ते होते, आणि त्या यंत्रातील पुष्कळ दाते आपल्या समाजाचे होते.

दात्यांखाली कोण भरडले गेले, हाही इतिहासच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी तेच घडले. त्या सावकारांत मारवाडी आणि गुजराती यांचाच भरणा होता. लुटीपेक्षा लोकांचे लक्ष एका वस्तूवर अधिक होते, ती म्हणजे कर्जरोखे. रोखे हाती आले की ते जाळीत. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, इंग्रज सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. हा प्रकार इंग्रजी मुलखातला, आमच्या निजामी मराठवाड्यातला नव्हे, असे म्हणून काही मंडळी हात झटकतात. वही तीच होती, अक्षरे तीच होती, व्याजाची रीतही तीच होती. जे लोक त्या रोख्यांना आग लावीत होते त्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती, हे आपण विसरू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपला आपत्ती निधी कोठून आला? नव्या सभासदांना वाटते की आपल्या आजोबा-पणजोबांनी आपल्या नफ्यातून तो काढून ठेवला. काही भाग तसाच आहे, आणि त्या दात्यांना माझे वंदन आहे. परंतु जुन्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना एक रकाना आठवेल : धर्मादाय. शेतकरी गाडी घेऊन आडतीवर आला, सौदा झाला, माप झाले, की त्याच्या हाती पट्टी पडे. त्या पट्टीत एकूण रकमेतून काय काय वजा होई? आडत, हमाली, तोलाई, कडता, आणि धर्मादाय. ही शेवटची कपात मंदिर, धर्मशाळा, पांजरपोळ, पाणपोई अशा कामांसाठी असे. रक्कम फार किरकोळ, शेकड्यास काही आणे; पण गाड्या हजारो होत्या आणि वर्षे पुष्कळ होती. कपात शेतकऱ्याच्या पट्टीतून होई आणि देणगीच्या पाटीवर नाव पेढीचे लागे. देशभरच्या बाजारपेठांत हीच रीत होती. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने बाजारातील अशा नानाविध कपातींवर कडक ताशेरे ओढले. हैदराबाद संस्थानात १९३० च्या सुमारास बाजारनियमनाचा कायदा झाला, महाराष्ट्रात १९६३ चा कायदा आला, आणि अशा अनधिकृत कपाती बंद झाल्या. कपाती थांबल्या, त्यांतून साठलेले द्रव्य मात्र इमारतींच्या व निधींच्या रूपाने शिल्लक राहिले.

म्हणजे औशाच्या, निलंग्याच्या, उमरग्याच्या शेतकऱ्याने लातूरच्या पेठेत घातलेल्या मालातून जो आणा-दोन आणे काढून ठेवला गेला, त्याचाही अंश या निधीत आहे. त्या शेतकऱ्यास कोणी विचारले नव्हते, आणि त्याला ती अक्षरेही वाचता येत नव्हती. आता त्या निधीच्या दाराशी आपण पाटी लावणार : 'केवळ समाजबांधवांसाठी.'

दुसरी गोष्ट. संकटात परक्याच्या दारी उभे राहण्याची वेळ आपल्यावर आलीच नाही असे नव्हे. संवत १९५६ चा छप्पनिया काळ, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ, राजपुतान्यात असा पडला की माणसे गुरे घेऊन माळव्याकडे आणि जेथे चारापाणी मिळेल तेथे निघाली. ज्यांची माणसे दिसावरात होती त्यांच्याकडे देसातील आप्त आशेने पाहू लागले. आपल्या कित्येक घराण्यांच्या कथनात त्या वर्षाचा उल्लेख येतो. दिसावराने त्या वेळी देसाला जगविले. म्हणजे या काळ्या जमिनीच्या पिकाने मारवाडातील चुली पेटत्या ठेवल्या.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. धक्क्याची तीव्रता सहापेक्षा किंचित अधिक. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा आकडा मध्यम म्हणावा लागेल. परंतु लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तळणी, मंगरूळ, गुबाळ, आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही गावे क्षणार्धात ढिगारे झाली. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. काही अंदाज दहा हजारांजवळ जातात. १९९२ मध्ये किल्लारीस हादरे बसत होते. लोकांनी तक्रारी केल्या होत्या, काही दिवस घराबाहेर झोपलेही होते. मग धक्के थांबले आणि सर्वजण पुन्हा घरात गेले.

मारले ते भूकंपाने कमी, घरांनी अधिक. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे, दर पावसाळ्याआधी नवी माती घालून जड होत गेलेले ते माळवद. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळ्यांचा सांगाडा उभा राहिला आणि सुटे दगड तेवढे माणसांवर कोसळले. मेलेल्यांत बहुतेक शेतकरी, शेतमजूर आणि त्यांची मुलेबाळे. त्यानंतर पाऊस आला. चिता पेटेनात.

मी त्या काळी गंजगोलाईत आडत दुकानावर बसत होतो. त्या आठवड्यात मी जे पाहिले त्यावरून माझे मत बनले आहे, आणि ते आजवर बदललेले नाही. मघाशी ज्या जाळ्याचा उल्लेख केला ते जाळे त्या दिवशी पहिल्या प्रहरीच हलू लागले. ज्या दूरध्वनीवर रोज तुरीचे भाव विचारले जात, त्याच दूरध्वनीवर पुणे, सोलापूर, नगर, जालना येथून एकच प्रश्न येऊ लागला : काय पाठवू? ज्या मालमोटारी पोती नेत त्याच पीठ, तेल, रॉकेल आणि ताडपत्र्या घेऊन औशाच्या रस्त्यास लागल्या. कोणत्या गावाला कोणती वाट जाते, कोणत्या ओढ्यावर गाडी अडते, हे वसुलीस हिंडणाऱ्या मुनिमाइतके कोणास ठाऊक असणार? वसुलीसाठी शिकलेला नकाशा त्या दिवशी निराळ्या कामास आला. सैन्य आले, सरकार आले, देशभरच्या संस्था आल्या, परदेशातील मराठी माणसांनी पैसे धाडले. या सर्वांत आपला वाटा मोठा होता असा दावा मी करीत नाही. तो तत्पर होता, इतकेच म्हणतो.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की आलेल्या मदतीचा बराच भाग निरुपयोगी होता. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजत पडले. नऊवारी नेसणाऱ्या बायांना कोणी काय पाठवावे याला सीमा नव्हती. मदत देणाऱ्याने आपले घर मोकळे केले आणि घेणाऱ्याच्या दारात उकिरडा केला. महिना-दीड महिन्यात छायाचित्रकार परतले आणि मालमोटारीही थांबल्या. उरली ती माणसे, पत्र्याच्या निवाऱ्यांत.

परंतु एक काम महिन्या-दीड महिन्यात संपले नाही. १९८५ मध्ये श्री. शांतिलाल मुथ्था यांनी भारतीय जैन संघटना स्थापन केली. आरंभी तिचे कार्य समाजापुरते होते : सामूहिक विवाह, हुंड्यास विरोध, लग्नातील उधळपट्टीस आळा. म्हणजे आज आपली सभा जे करते तेच. भूकंपानंतर या संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली, आणि पुढे वाघोली येथे त्यांच्या निवासाचे व शाळेचे संकुल उभे राहिले. बाराशे मुले! एका वेळचे जेवण नव्हे, एक घोंगडे नव्हे. वर्षानुवर्षांचे जेवण, वह्या, आजारपण, रात्री दचकून उठणे, परीक्षा. ही मुले जैनांची नव्हती. ती किल्लारीची होती, सास्तूरची होती. ज्यांच्या आजांच्या पट्टीतून धर्मादाय कापला गेला होता त्यांची होती. पुढे त्याच वाघोलीत मेळघाटातील आदिवासी मुले आली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले आली. संघटनेच्या नावात 'जैन' हा शब्द होता तसाच राहिला आहे. त्याने कोणाचे काही बिघडले नाही.

मदत मोजताना माप कोणते लावले यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि त्याचे उदाहरण याच भूकंपाने दिले आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जागतिक बँकेच्या कर्जाचा त्या कामी आधार होता, आणि अनेक गावे देणगीदारांनी बांधली. नव्या गावात घर किती मोठे मिळावे? तर ज्याची जमीन जितकी, तितके घर. भूमिहीन व अल्पभूधारक यांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यास ७५०. भूकंपाने मोठा वाडा आणि लहान खोपट यांतील भेद एका क्षणात पुसला होता, तो नकाशावर पुन्हा आखला गेला. त्या निर्णयामागे व्यवहार होता हे मी नाकारीत नाही. पण अजूनही त्या गावांतून गेले की कोणाच्या आजाकडे किती जमीन होती ते रस्त्यावरून ओळखता येते. आपला ठराव आज जे माप लावू पाहतो ते याहूनही अरुंद आहे.

ज्यांना मदत मिळाली त्यांनी पुढे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. घरांच्या दुरुस्तीच्या कामात स्वयम्‌ शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले. सिमेंट किती, सळई कोठे, कोपऱ्याचे दगड कसे बांधावेत हे त्या शिकल्या आणि इतरांना शिकवू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या स्त्रियांपैकी काहीजणी तिकडे गेल्या आणि तेथील बायांशी बसून बोलल्या. गुजराती त्यांना येत नव्हते. त्यांच्या गटाला कोणी त्यांची जात विचारून कच्छला पाठविले नव्हते, आणि कच्छमध्येही कोणी विचारली असेल असे वाटत नाही.

नांदेडकर मंडळी समोर बसली आहेत, त्यांच्यासाठी एक उदाहरण त्यांच्याच गावचे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे नांदेड येथे निर्वाण झाले. त्या स्थानी राहिलेले शीख आपल्यासारखेच बाहेरून आलेले. हुजूर साहिबची वास्तू १८३० च्या दशकात उभी राहिली ती महाराजा रणजितसिंगांच्या पंजाबातून आलेल्या द्रव्यावर आणि कारागिरांवर. म्हणजे देसाने दिसावराला पोसले. पण तेथल्या लंगरात पंगतीला बसणाऱ्यास, तू कोण, असे विचारीत नाहीत. २०२० मध्ये टाळेबंदीत सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडात अडकून पडले, त्यांचेही अन्न तेथेच शिजले. निधी पंजाबी, पंगत सर्वांची. ही व्यवस्था जवळजवळ दोनशे वर्षे चालली आहे आणि त्यामुळे शीख समाज बुडाल्याचे ऐकिवात नाही.

ठराव मांडणाऱ्यांची बाजू मी जाणतो, आणि ती पोकळ नाही. खेड्यापाड्यांतील आपली किराणा दुकाने ओस पडत आहेत. आपल्या समाजात विधवा आहेत, फीसाठी अडलेले विद्यार्थी आहेत, आणि मारवाडी म्हणजे धनवानच अशा समजुतीमुळे त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. घरचा उपाशी ठेवून बाहेर अन्नछत्र घालू नये, हे त्यांचे म्हणणे मान्य आहे. त्यासाठी शिष्यवृत्ती निधी आहे, विधवा साहाय्य निधी आहे. ते दात्यांनी त्या हेतूनेच दिले आहेत आणि त्यांना कोणी हात लावू म्हणत नाही. ते वाढवा. मीही माझ्या ऐपतीप्रमाणे भर घालीन. पण आपत्ती निधी ही निराळी वस्तू आहे. भूकंप, पूर, दुष्काळ हे घरांची नोंदवही पाहून येत नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने कृष्णेचे पाणी लातूरला आले. त्या पाण्यावर आपणही तहान भागविली आहे. मिरजकरांनी आधी ते आपल्या जातभाईंना वाटले असते तर आपण कोणत्या रांगेत उभे राहिलो असतो?

म्हणून मूळ ठरावास मी उपसूचना देत आहे. आपत्ती निधीतून दिलेली मदत जिल्ह्यातील कोणाही आपद्‌ग्रस्तास मिळावी. वस्तुरूप मदत पहिल्या पंधरा दिवसांपुरतीच असावी, आणि ती काय असावी हे त्या गावातील माणसांस विचारून ठरवावे. त्यानंतरचा पैसा मुलांच्या शिक्षणावर व घरदुरुस्तीवर लागावा, आणि एकदा हाती घेतलेले कुटुंब निदान पाच वर्षे सोडू नये. अर्जाच्या नोंदवहीत रकाने असावेत ते असे : नाव, गाव, झालेली हानी, घरात कमावते किती व खाणारे किती, मदत कोणत्या वर्षापर्यंत चालू ठेवावयाची. जातीचा रकाना नसावा. नोंदवही मराठीत असावी, आणि ज्याच्या नावे नोंद आहे त्याने मागितल्यास ती त्याला वाचावयास द्यावी.

उपसूचनेचा कागद मी चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. त्यावर अनुमोदकाची सही व्हावयाची आहे. ठराव दुपारी तीननंतर येईल, तेव्हा नांदेडच्या मंडळींनी परतीच्या गाडीची वेळ सांगून भोजनानंतर लगेच उठू नये, एवढी त्यांना हात जोडून विनंती आहे.